दारावरची ओळ

कारखान्यात माणसाचा हात चिरडला आणि त्याच दुपारी मालकीणबाईंचा धाकटा मुलगा दोनदा वाढून घेऊन जेवला. बाईंना याचा जो राग आला तो काही केल्या उतरेना. रडला असता तरी चाललं असतं, ताट भिरकावलं असतं तरी चाललं असतं. पण हा पठ्ठ्या मान खाली घालून शिस्तीत जेवला आणि वर विचारतो कसा, "अजून आहे का गं?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलात एक जण उपाशी पडलाय, त्याच्या वाटणीचं उरलंय. वाढू?"

तरीही त्याने ताट पुढे केलं. पोटच्या पोराच्या पानात वाढताना बाईंचा हात पहिल्यांदाच जड झाला.

झालं होतं ते असं. कारखाना बिजागऱ्यांचा. नवरा गेल्यावर बाईंनी तो एकटीने उभा ठेवला होता, आणि शाळा म्हणाल तर तिसरीतून सुटलेली. एका हातप्रेसचे चार मोठे प्रेस झाले, पोरं शिकली, आणि चार वर्षांपूर्वी दोघा भावांनी मिळून प्रेस चालवणारा डबा बनवला. डबा म्हणजे लहानसा कॉम्प्युटरच. प्रेसच्या तोंडावर प्रकाशाचे आठ किरण आडवे असतात. हात आत गेला की किरण तुटतो, डबा लाल दिवा लावतो आणि प्रेसला जागच्या जागी अडवतो. चार वर्षं अडवत आला होता. त्या सकाळी अकराच्या सुमाराला प्रेसवाल्याने अडकलेला पत्रा काढायला हात घातला आणि चाळीस टनांच्या दाबाने साचा खाली आला.

आवाज रोजच्यासारखाच झाला. बाईंच्या काळजात धस्स झालं ते त्यामुळेच. खाली पत्रा आहे की हाडं, याच्याशी साच्याला काही देणंघेणं नव्हतं. मग किंकाळी. साचा वर गेला तेव्हा बोटं पत्र्याला चिकटून राहिली होती, आणि उरलेल्या तळव्यात स्क्रूची तीन भोकं अगदी स्वच्छ, मापात पडली होती. बाईंनी डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या मनगटाला असा आवळला की पकड सोडवायला नंतर दोन माणसं लागली. प्रेसवाला अठरा वर्षं त्यांच्याकडे होता. गाडीत घालताना तो एवढंच म्हणाला, "बाई, किरण तुटला होता. मी पाहिलं. लाल दिवा लागला नाही."

जेवण उरकून धाकट्याने डबा उघडला, आपली तार जोडली आणि अंगणात सगळ्या कामगारांसमोर वाचून दाखवलं. "शेवटची नोंद आहे. प्रेस खाली आला तेव्हा दिशेचा फ्लॅग वर होता. आणि त्या घडीला काम चालू होतं ते दादाने लिहिलेलं."

एवढं बोलून त्याने तार काढून घेतली. खोटं एक अक्षर नव्हतं. थोरल्याचा चेहरा राखेसारखा झाला. "हो," तो म्हणाला. "माझ्याच कामात वर जातो तो." आणि खाली बसला. कामगारांना फ्लॅग कळला नाही, पण बसलेला माणूस कळला. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला प्रेसवाल्याचे तीन भाऊ आले. तिघेही वेल्डर, तिघांचे दंड म्हणजे दंडच. सगळ्यात मोठ्याच्या हातात कमरेइतका लांब पाइप होता. फाटकावर कोणी अडवलं नाही. थोरला अंगणात उभाच होता, जणू वाटच बघत होता.

"चार बोटं आणि अर्धा तळवा कापला," मोठा वेल्डर म्हणाला. "तूच लिहिलं होतंस ना?"

"मीच."

पाइप खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज ऑफिसपर्यंत आला. दुसरा फटका कानावर. कान फाटून लोंबला, सदरा कॉलरपासून कमरेपर्यंत लाल झाला. तो पडल्यावर मधल्याने बरगड्यांत लाथा घालायला सुरुवात केली, मोजून घातल्यासारख्या, घाई न करता. थोरल्याची बायको धावत आली आणि नवऱ्यावर पडली. तिला केसांना धरून भिंतीवर भिरकावलं. तिचा ओठ फुटला आणि डावा डोळा बघता बघता सुजून बंद झाला. आणि थोरल्याने एकदाही हात वर केला नाही.

बाई ऑफिसातून निघाल्या त्या चार शेरी हातोडा घेऊनच. एक शब्द न बोलता त्यांनी मधल्याच्या मनगटावर हातोडा घातला. तो कळवळून बसला. मग त्या मोठ्याच्या पाइपासमोर छाती काढून उभ्या राहिल्या.

"मार. मला मार आधी. तुझ्या भावाचं मनगट काल मी धरलं होतं, तू कुठं होतास?"

"बाजूला व्हा बाई. हाताला हात घेऊन जाणार आम्ही. पोलीस येतील तेव्हा येतील."

"दोनच्या भोंग्यापर्यंत थांब."

"कशाला? पळवून लावायला?"

"मी कोणाला पळवलंय आजवर?" बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ज्याची चूक आहे त्याचा हात मी स्वतः त्या प्रेसखाली धरीन. माझ्या पोराचा असला तरी. पण ज्याची आहे त्याचाच. दोनला ये."

बाईंनी शब्द दिला आणि फिरवला, असं त्या कारखान्यात कोणी पाहिलं नव्हतं. वेल्डर पाइप टेकवून फाटकाबाहेर बसले. कॉम्प्युटरच्या खोलीच्या काचेआड धाकटा उभा होता. आतून कडी. कानाला फोन लावलेला, ओठ हलत होते, पण फोनवर पलीकडे कोणी असल्यासारखं काही वाटत नव्हतं.

ऑफिसातल्या बाकावर थोरल्याला आडवा केला. डॉक्टरकडे चल म्हटलं तर हलेना.

"धरू दे हात, आई. फ्लॅग माझाच होता."

"तू गप्प पड. एवढा मार खाऊन अजून हौस भागली नाही का?" बाई सुनेकडे वळल्या. डबे तपासायचं काम सुनेचंच होतं. "तू सांग. अडाण्याला सांगतात तसं सांग. हा फ्लॅग काय प्रकार आहे?"

सून फुटलेल्या ओठाला बर्फ लावत म्हणाली, "प्रोसेसरच्या आत बारीक बारीक झेंडे असतात, आई. वर नाहीतर खाली, तिसरं काही नाही. त्यातला एक दिशेचा. खाली असला की सामान पुढे पुढे हलतं. वर असला की उलटं, मागे मागे."

"उलटं कशाला हलवायचं मेलं?"

"फळीवर दहा बरण्या चिकटून ठेवल्यात. सगळ्या एकेक घर उजवीकडे सरकवायच्यात. डावीकडून सुरुवात केली तर?"

"पहिली दुसरीवर आपटेल. उजव्या टोकाची आधी हलवायची. हे तू मला शिकवतेस?"

"यांचं काम तेच आहे. प्रत्येक ठोक्याची नोंद यादीत चढते आणि जुन्या नोंदी एकेक घर सरकतात. म्हणून हे फ्लॅग वर करतात, टोकाकडून सरकवतात, परत खाली करतात. खाली केलाय. काल मी दहा वेळा बघितलं."

"मग बिघडलं कुठं?"

"मधेच दार वाजलं. किरण तुटला की प्रोसेसर हातातलं काम आहे तसं टाकून किरणाच्या दाराशी धावतो. फ्लॅग बिचारा वरच राहिलेला. दारातल्या कामाला आठ किरणांची खबर आठ घरांत पुढे पुढे लिहायची असते. ते गेलं मागे मागे लिहीत. पहिल्या किरणाची खबर नीट पडली, बाकी सात घरांत जुनंच राहिलं. सगळं मोकळं आहे, असं."

"आणि प्रेसवाल्याचा हात पाचव्या किरणात होता," बाई म्हणाल्या. त्यांना लख्ख दिसलं. "म्हणजे दारात शिरणाऱ्याने आधी झेंडा खाली करायला हवा होता."

"हाच तर कर्नेलचा, डब्यातल्या मुख्य कारभाऱ्याचा, रिवाज आहे! जाताना प्रत्येकाने खाली ठेवून जायचं. पण दारावर तेवढ्यावर विसंबायचं नाही. आधीचा माणूस कसा ठेवून गेला हे विचारत बसायचं नाही, पाऊल टाकलं की पहिल्यांदा खाली करायचा. एक ओळ असते. सीएलडी."

कर्नेल शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाईंना वाटलं होतं, फौजेतला कोणी म्हातारा डब्यात बसवलाय. आता त्या हसल्या नाहीत. "ती ओळ आहे का?"

"नाही," बाकावरून थोरला म्हणाला. "काल पाहिलं. मी लिहिलीच नसेन. चार वर्षं नशिबाने निभावलं असेल."

"जुनं कुठाय?"

"कॉम्प्युटरवर नाही. धाकट्याने गेल्या महिन्यात सगळं साफ केलं. जागा खातंय म्हणाला."

बाई उठल्या. डब्यात काही बदललं की त्याचे कागद छापून पेटीत ठेवायचे, हा नियम त्यांचा. ज्याचा कागद नाही ते काम झालंच नाही, असं त्या म्हणत आणि पोरं हसत. आज त्यांनी पेटीतून दोन गठ्ठे काढले, गेल्या वर्षीचा आणि गेल्या महिन्याचा. सुनेने एका डोळ्याने चाचपडत दोन्हींतलं किरणाच्या दाराचं पान शोधून दिलं. पण अक्षरं तिच्या डोळ्यापुढे नाचायला लागली आणि तिला भडभडून उलटी झाली.

बाईंना त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण साच्यावर साचा ठेवून माप बघण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी दोन्ही पानं एकावर एक धरली आणि खिडकीच्या काचेला टेकवली. मागून ऊन आलं. वरची ओळ वरच्या ओळीवर बसली, दुसरी दुसरीवर, अगदी एकच कागद असल्यासारखी. सहाव्या ओळीपर्यंत. सातवीपासून सगळं गिचमिड.

"इथून खालचं सगळं एक ओळ वर चढलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी जुन्या पानावर नख रोवलं. "ही इथली उपटलीय. ही काय आहे?"

सुनेने डोळा जवळ नेला. "सीएलडी."

"आणि उपटली कोणी?"

पानाच्या तळाशी बदल करणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. तेवढं बाईंना वाचता येत होतं. धाकट्याच्या बारशाला ते नाव त्यांनीच निवडलं होतं.

गठ्ठा त्यांनी तिथेच मिटला. पुढची पानं पाहिली नाहीत. पाहायला हवी होती, हे त्यांना पुढे तासाभरात कळायचं होतं.

कॉम्प्युटरच्या खोलीची कडी धाकट्याने काढली नाही. बाईंनी हातोड्याने काच फोडली आणि हात घालून कडी काढली. कोपरापासून रक्त गळत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पान त्याच्या तोंडावर फेकलं.

"ओळ का काढलीस?"

धाकट्याने पान पाहिलं आणि चक्क सुस्कारा सोडला. "गरज नव्हती तिची. सगळे फ्लॅग खाली ठेवूनच बाहेर पडतात, तसा नियमच आहे. मग दारावर पुन्हा कशाला? माझं लिहिणं स्वच्छ असतं, आई. दादा भित्रा आहे, एका कपाटाला सात कुलपं लावतो."

"आणि मधेच कोणी आलं तर?"

"लाखात एकदा."

"काल तो लाखावा होता. अंगणात वाचून दाखवलंस तेव्हा हे ठाऊक होतं का तुला?"

त्याने पान उलटं करून मेजावर ठेवलं.

"भाऊ बाहेर मार खात होता. ठाऊक होतं का?"

"मी सांगितलं ते खरंच..."

बाईंनी उलट्या हाताने ठेवून दिली. अंगठी लागून त्याचं नाक फुटलं. त्याने आईला ढकललं. दोन्ही हातांनी, जोर लावून. बाई लोखंडी मांडणीवर आदळल्या आणि कपाळातून रक्ताची धार डोळ्यात उतरली. मग बाई उठल्या आणि हातोड्याचा दांडा त्याच्या गुडघ्यावर अशा ताकदीने हाणला की तो खुर्चीतच कोसळला.

"बसलास ते बरं केलंस. लिही परत."

त्याने रडत, नाक पुसत लिहिलं. बाई मागे उभ्या राहून त्याची बोटं बघत होत्या. दहा मिनिटांत ओळ डब्यात चढली, डबा प्रेसला जोडला. "झालं," तो म्हणाला. "एक ओळ सापडली तुला, एक लिहिली."

दोनचा भोंगा झाला. वेल्डर आत आले. मधल्याचं मनगट टरटरून सुजलं होतं. कामगार भिंतीला लागून उभे राहिले. थोरल्याला सुनेने खांद्याचा आधार देऊन आणलं होतं. बाईंनी कपाळ पुसलं नव्हतं. त्यांनी चारचौघांत, एकही शब्द न गाळता सांगितलं. ओळ कोणी लिहिली, कोणी काढली, आणि काढणाऱ्याने अंगणात उभं राहून कोणाचं नाव घेतलं.

मोठा वेल्डर थोरल्याकडे बघत राहिला, मग जमिनीकडे. "मग तू का मार खाल्लास रे?"

"मला वाटलं माझंच," थोरला म्हणाला.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "ओळ परत घातलीय. प्रेस चालू होईल. ज्याने काढली तो हात घालेल. डबा बरोबर असेल तर हात वाचेल, नसेल तर जाईल. शब्द दिला होता, तो हा."

धाकटा लंगडत पुढे आला. अंगात अजून तोरा होता. बाही वर सारली. बाईंनी त्याचं मनगट धरलं. साचा खाली आणणाऱ्या पेडलवर मोठ्या वेल्डरने पाय ठेवला. साच्याच्या खालच्या अंगाला कालचं रक्त काळं पडलं होतं, धुतलेलं नव्हतं. धाकट्याची बोटं किरणांपर्यंत गेली आणि थांबली. बाईंनी ढकलली तरी पुढे जाईनात.

"आई, थांब."

"का?"

"थांब ना! पेडलला पाय लावू नका!" तो किंचाळला. "पेडल दाबलं की त्याचंही दार वाजतं, त्या दारावरची ओळ पण काढलीय मी. ती घातलेली नाही."

प्रेसची मोटर तेवढी गुरगुरत होती.

"का नाही घातलीस?" बाईंनी विचारलं.

"तू एकच सांगितलीस."

थोरल्याने सुनेचा हात सोडला, बाकड्यावरचा चामड्याचा हातमोजा घेतला आणि एका हाताने त्यात चिंध्या कोंबल्या. काठीला बांधून तो प्रेसमध्ये सरकवला. "पेडल मारा," तो वेल्डरला म्हणाला. "पाठोपाठ, घाईत असल्यासारखे, म्हणजे नोंद सरकत असतानाच दार वाजेल."

वेल्डरने मारलं. लाल दिवा लागला, प्रेस अडला. पुन्हा मारलं, पुन्हा अडला. दहा, वीस, तीस. कामगार मोजायला लागले, पुटपुटत. एकेचाळिसाव्याला दिवा लागला नाही. साचा आला आणि त्याच रोजच्या आवाजात हातमोजा चपटा झाला. वर गेला तेव्हा चामड्यात तीन भोकं होती, मापात.

"पेडलची खबर मागे मागे लिहिली गेली," थोरला हलक्या आवाजात म्हणाला. "किरणांच्या खबरीवर. सगळं मोकळं."

मोठ्या वेल्डरने पेडलवरून पाय काढला, पाइप उचलला आणि धाकट्याच्या पाठीत घातला. तो तोंडावर आपटला. दोन दात फरशीवर घरंगळले. बाई मधे पडल्या नाहीत. दुसऱ्यांदा पाइप वर गेला तेव्हा मात्र त्यांनी तो हवेतच धरला.

"एक तुझा. तेवढा पुरे. सकाळी माझ्या थोरल्याच्या अंगावर तू चुकून जे खर्चलंस ते यातच वळतं कर."

"आणि हात? शब्द दिला होतात, बाई."

"देते."

त्यांनी धाकट्याला कॉलरला धरून उभं केलं. त्याच्या हनुवटीवरून रक्त टपकत होतं, त्यांच्या कपाळावरून. दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर होतं. आख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात बाई बोलल्या:

"तुझ्या भावाचं हाड मोडताना तुला ती ओळ आठवली नाही. स्वतःची बोटं आत जायला लागली तेव्हा आठवली. मी तुला घराबाहेर काढणार नाही, तेवढी सुटका नाही तुझी. डब्याला तू यापुढे बोट लावायचं नाहीस. दोन्ही ओळी दादा घालेल, एका हाताने घालेल, आणि तुझी वहिनी तपासेल. त्यांनी हो म्हटलं की या प्रेसवर प्रेसवाल्याच्या जागी तू बसायचं. दादाने लिहिलेल्या ओळींच्या भरवशावर दिवसाला दोन हजार वेळा हा हात आत घालायचा आणि बाहेर काढायचा. प्रेसवाला बरा होऊन जागा परत मागेल तोपर्यंत. आणि पोरा, तो बरा होणार नाही."